हे नाव आधीच घेतलेले आहे

१

दुपारी एक वाजला की लॅबमधलं घासायचं यंत्र थांबायचं आणि सकाळपासून उडालेली गुलाबी भुकटी सावकाश टेबलांवर, स्टुलांवर, माणसांच्या भुवयांवर उतरायची. मग तायडी हात धुऊन खिडकीजवळ डबा उघडायची. बावीस वर्षं ती दातांच्या कवळ्या बनवत होती. मेणात एकेक दात बसवायचा, जबडा मिटून बघायचा, काढायचा, पुन्हा बसवायचा. ज्यांची तोंडं ती घडवायची त्यांचे चेहरे तिनं कधी पाहिले नव्हते. लॅबमध्ये तिला सगळे बाई म्हणत. तायडी म्हणणारी फक्त आई. आपणही तेच म्हणू, कारण हे सगळं आईपासूनच सुरू झालं.

झालं असं की एका रविवारी आईनं फोनवर सांगितलं, स्वयंपाकघरातला नळ अखेर दुरुस्त झाला. मग म्हणाली, घर धाकटीच्या नावावर केलं, मागच्याच महिन्यात, रीतसर बक्षीसपत्र करून. आणि मग पुन्हा नळाकडे वळली, की प्लंबरनं कसं दोनदा फिरवलं.

आईनं नर्सची नोकरी करून, रात्रपाळ्या ओढून ते तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. धाकटी सहा वर्षांपूर्वी संसार मोडून परत आली ती तिथंच राहिली. आईचं दुखणं-खुपणं तीच बघायची. तायडीला घराची गरज नव्हती. स्वतःचं घर होतं, नवरा होता, पगार होता. तरी त्या दिवसापासून घास तिच्या घशाखाली नीट उतरत नव्हता. धाकटीला खिडकीजवळचा पलंग, धाकटीला दुधावरची साय, धाकटीला आईची कूस. आणि आता भिंतीसुद्धा.

शेजारच्या टेबलावर कवळ्यांना चकाकी देणारे काका होते. त्यांनी तिचा उतरलेला चेहरा पाहून खोदून खोदून विचारलं आणि मग एक वेबसाइट सुचवली. तिथं लोक घरादाराचे, पैशाअडक्याचे, कोर्टकचेरीचे प्रश्न टाकतात आणि अनोळखी लोक फुकट सल्ला देतात. काकांचा विम्याचा घोळ तिथंच सुटला होता.

"नाव खोटं द्या," काका म्हणाले, "दुखणं खरं द्या."

तिनं नावाच्या रकान्यात 'थोरली' असं लिहिलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: हे नाव आधीच घेतलेले आहे. दुसरे निवडा.

इथंही आपल्या आधी कोणीतरी आहेच, असं मनात म्हणत तिनं पुढं आपलं वय जोडलं. थोरली४६. ते चाललं.

२

तिनं लिहिलं, "माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईनं घर धाकटीच्या नावावर केलं. मला सांगितलंसुद्धा नाही. काही करता येईल का?"

दुसऱ्या दिवशी डबा उघडण्याआधी तिनं फोन उघडला. सहा उत्तरं होती. एकानं लिहिलं होतं की शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, आणि चढलाच तर चपलांचे दोन जोड घेऊन चढावं. एका बाईंनी लिहिलं, बहीणच आहे ना, द्या सोडून. तायडीनं त्या बाईंना मनातल्या मनात चार शब्द सुनावले.

'एकटा वाघ' नावाच्या गृहस्थांचं उत्तर तिनं दोनदा वाचलं. आईच्या वयावर बोट ठेवून त्यांनी लिहिलं होतं, चौऱ्याहत्तर म्हणजे मुद्दा हाताशी आहे. डोकं ठिकाणावर असतं का ते बघा. माणसं चुकते का, दिवस चुकते का, तेच तेच बोलते का. एक वही करा, तारीख-वार लिहून ठेवा, मग डॉक्टरांकडून कागद मिळवा. सही करताना तिला कळत नव्हतं असं दाखवता आलं, तर बाजी पलटेल.

शेवटचं उत्तर 'जाणकार' नावाच्या कोणाचं होतं. त्यांच्या नावापुढे हिरवी खूण होती, म्हणजे तिथं त्यांना मान असावा. त्यांनी लिहिलं होतं की घर आईच्या कमाईचं असेल तर ते कोणाला द्यायचं हे तिचं तिनं ठरवायचं. तिच्यावर दडपण होतं किंवा तिला कळत नव्हतं याचा पक्का पुरावा असेल तरच पुढचा विचार. कागद इथं कोणी पाहिलेला नाही, तेव्हा वकिलाला दाखवा. आणि खाली एक ओळ सोडून:

"एक विचारू का? तुम्हाला घर हवंय, की तुम्हाला विचारायला हवं होतं?"

भर बाजारात पदर ओढल्यासारखं तायडीला झालं. कोण कुठला माणूस, आणि चालला आपलं मन चाचपायला. तिनं काही उत्तर दिलं नाही. घरी जाताना मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातून तिनं एक वही घेतली.

३

तिसऱ्या दिवशी जाणकारांच्या त्या प्रश्नाखाली उत्तर आलेलं होतं. तायडीनं दिलेलं नव्हतं. नाव होतं 'थोरली', पुढं आकडा नाही.

"विचारायला हवं होतं. घर नकोच आहे मला. आईनं एकदा म्हणायला हवं होतं, तायडे, असं करतेय, चालेल ना? मी हो म्हणाले असते."

तायडीच्या हातातला चमचा डब्यातच राहिला. शंकेची पाल चुकचुकली, पण तिनं ती हाकलली. घरोघरी मातीच्या चुली, आणि घरोघरी तायड्या. कोणाच्याही आईला हे नाव सुचेल. खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या उत्तराखाली चाळीसहून जास्त लोकांनी पसंतीची खूण केली होती आणि जाणकारांनी लिहिलं होतं, "ताई, हे कबूल करायला धीर लागतो." आपल्याला ते तुम्ही म्हणाले होते, तिला ताई. प्रश्न आपला, आणि माया तिकडे.

तिनं लिहिलं, "हा प्रश्न माझा आहे. तुम्ही तुमचा वेगळा टाका."

उत्तर आलं नाही. तिनं त्या नावावर बोट ठेवून माहिती उघडली. सदस्य झाल्याची तारीख तिचीच होती. वेळ तिच्या आधी चार मिनिटं.

संध्याकाळी थोरलीनं आणखी लिहिलं. "आमच्या न्हाणीघराला आतून कडी नाही, अजूनही नाही. लहानपणी मी आत असले की धाकटी बाहेर दाराला पाठ लावून बसायची, कोणी येऊ नये म्हणून. गाणी म्हणायची, म्हणजे मला कळावं की ती आहे."

आईच्या घरातल्या न्हाणीघरालाही कडी नव्हती. धाकटी बाहेर बसायचीही, गळा काढून गायचीही. पण तायडीच्या आठवणीत ती आपल्याला छळायला गायची.

आता ती नीट विचार करू लागली. कडीचं हे माहीत असणारी माणसं जगात तीन. आईला फोनवर बोटंसुद्धा धड चालवता येत नव्हती. म्हणजे धाकटी. लोकांची सहानुभूती मिळवायला आपल्याच नावानं गोड गोड लिहितेय. ताकाला जाऊन भांडं लपवतेय. दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर 'थोरली लिहीत आहे' अशी ओळ दिसताच तायडीनं धाकटीला व्हिडिओ कॉल लावला.

धाकटीनं फोन कशाला तरी टेकवून ठेवलेला होता. आईचे पाय परातीतल्या पाण्यात होते आणि धाकटी दोन्ही हातांनी तिची नखं कापत होती. ताई, कशी गं आठवण झाली, म्हणून ती हसली. तायडी काहीबाही बोलत राहिली आणि तिची नजर धाकटीच्या ओल्या बोटांवरून हलली नाही.

फोनच्या वरच्या कडेला एक पट्टी सरकत आली. थोरलीचं लिहून झालं होतं.

४

त्यानंतर तायडीला त्या वेबसाइटचं व्यसनच लागलं. सकाळी बसमध्ये, दुपारी खिडकीत, संध्याकाळी भाजी निवडताना ती उघडायची. जाणकार काय म्हणाले यापेक्षा ते कोणाला म्हणाले हे ती आधी बघायची. थोरलीला त्यांनी तीन ओळी लिहिल्या तर आपल्याला चार याव्यात म्हणून ती जुनी जुनी दुखणी उकरून काढू लागली. नवरा म्हणाला, अगं, कोण कुठली माणसं, त्यांना घरचं काय सांगत बसतेस? तो बस आगारात वेळापत्रकं लावायचा. त्याच्या मते जगात प्रत्येक गोष्ट एकतर वेळेवर येते किंवा उशिरा, तिसरा प्रकार नसतो.

शेवटी तिनं आपलं सगळ्यात जुनं दुखणं लिहिलं. ती नऊ वर्षांची होती. तापानं फणफणली होती. त्याच सकाळी धाकटी जिन्यावरून पडली आणि तिचा हात मोडला. आई धाकटीला कडेवर घेऊन दवाखान्यात गेली, जाताना बाहेरून कुलूप लावून. दिवेलागणीला परतली. दिवसभर त्या घरात तायडी एकटी होती. "तेव्हाच मला कळलं," तिनं लिहिलं, "की दोघींतली एक निवडायची वेळ आली तर आई कोणाला निवडेल."

तिला वाटलं, आता कळेल लोकांना. एकटा वाघ यांनी लिहिलं, हे वहीत घ्या. जाणकारांचं उत्तर येण्याआधी थोरलीचं आलं.

"त्या दिवशी आई परत आली होती. बस समोर उभी असताना ती सोडून आली. धाकटी तिच्या खांद्यावर रडत होती. आईनं एका हातानं रुमाल भिजवला, पिळता आला नाही म्हणून तसाच माझ्या कपाळावर ठेवला. पाणी कानात गेलं. ती म्हणाली, माझी शहाणी लेक ती, मी आलेच. पाचेक मिनिटं बसली. मग गेली."

तायडीनं फोन टेबलावर पालथा ठेवला. समोर वरच्या जबड्याचा साचा होता. तिनं एक दात उचलला, मेणात बसवला, वाकडा बसला, काढला. पुन्हा वाकडा बसला. काकांनी मान वर करून विचारलं, बाई, बरं नाही का? ती म्हणाली, खोटं बोलतात हो लोक, काहीही खोटं.

५

घरी जायच्या आधी, लॅबच्या जिन्यात उभं राहून तिनं आईला फोन लावला. इकडचं तिकडचं झालं. मग तिनं सहज विचारावं तसं विचारलं, धाकटीचा हात मोडला होता त्या दिवशी तू मधे घरी आली होतीस का?

खाली रस्त्यावर कोणीतरी लोखंडी शटर ओढत होतं.

"आले होते की," आई म्हणाली. "बस सोडून आले होते. तू झोपलेली होतीस गं. उठवलं नाही. कपाळावर ओला रुमाल ठेवला आणि गेले. तुला कोणी सांगितलं?"

"तू कधी सांगितलं नाहीस."

"त्यात काय सांगायचं? आई आहे मी."

फोन ठेवल्यावर तायडी जिन्याच्या कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली. सदतीस वर्षं उराशी धरलेली गोष्ट खोटी निघाली याचा तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तिच्या मनात एकच गोष्ट रुतून बसली. ती स्वतः त्या वेळी झोपेत होती. रुमाल, कानात गेलेलं पाणी, माझी शहाणी लेक हे शब्द, यातलं काही तिच्या वाट्याला आलं नव्हतं. पण कोणीतरी जागं होतं. त्या पलंगावर, त्या तापात कोणीतरी डोळे उघडे ठेवून ते सगळं घेतलं होतं.

भीती नंतर वाटली. आधी वाटला तो मत्सर, तोंड कडू करणारा.

६

जाणकारांनी थोरलीला लिहिलं की आता कायद्याचं काही उरलेलं नाही, आईकडे जा, बसा, बोला. तायडीलाही त्यांनी हेच लिहिलं होतं, अगदी पहिल्या आठवड्यात. तिनं ते वाचून सोडलं होतं. आईचं घर तिच्यापासून बसनं चाळीस मिनिटांवर होतं. नळाच्या त्या फोनपासून ती तिकडे फिरकली नव्हती. आधी आईनं बोलवावं, मग जाऊ, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

थोरली गेली.

"आज गेले. काही बोलले नाही. आईनं दार उघडलं आणि मी चपला काढल्या. इतकंच."

दोन दिवसांनी: "आज आईचे केस विंचरले. पाठीमागे फार विरळ झालेत. मला माहीतच नव्हतं."

आणखी दोन दिवसांनी: "धाकटी हल्ली उशिरापर्यंत झोपते, कारण मी सकाळी जाते. सहा वर्षांत तिला कोणी झोपू दिलं नव्हतं."

वेगवेगळ्या गावांतले, कधी न भेटलेले लोक खाली लिहीत होते की ताई, डोळे भरून आले. तायडीचेही आले, पण ते पाणी वेगळं होतं.

रविवारी तिनं आईला फोन केला. कशी आहेस विचारलं. आई खुशीत होती. म्हणाली, "अगं, आत्ताच तर गेलीस. पोचलीस का इतक्यात?"

तायडीनं विचारलं, कोण गेली? आई म्हणाली, कोण म्हणजे काय, तू. मी तर चहाचा कपसुद्धा अजून विसळला नाही. अंगावर काय कपडे होते असं तायडीनं विचारलं, तर आई हसायला लागली. "कपडे कोण बघतंय? माझी लेक आली ते बघितलं."

खरं सांगायचं तर तायडीला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. हेच ते. एकटा वाघ म्हणाले होते तेच. आईचं डोकं चालत नाही. माणसं चुकते, न आलेली आली म्हणते. आणि ती वेबसाइटवरची बाई कोणीतरी लबाड, कुठून तरी माहिती काढून गोष्टी रचणारी. दोन वेगळ्या गोष्टी, दोन्ही समजण्यासारख्या. तिनं वही उघडली, तारीख घातली, आईचं बोलणं शब्दन् शब्द उतरवलं. अक्षर फार सुबक आलं. पान उलटताना तिच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय.

७

वहीची पानं भरत गेली. आई बोलायची, तायडी लिहायची. मंगळवारी तू माझी औषधं लावून दिलीस. गुरुवारी तुझं नि धाकटीचं हसणं खालच्या मजल्यापर्यंत गेलं. तायडी प्रत्येक वेळी नुसतं हं म्हणायची. त्या प्रत्येक दिवशी ती लॅबमध्येच होती. खात्रीसाठी तिनं हजेरीचं रजिस्टरही पाहिलं. सही तिची, वेळ तिची.

मग तिनं डॉक्टरांची वेळ घेतली. वृद्धांची स्मृती तपासणारे डॉक्टर होते. शुक्रवारी दुपारी साडेचार. आईला तयार ठेव हे सांगायला तिनं धाकटीला फोन केला, आणि कारण काय सांगावं याची जुळवाजुळव करत म्हणाली की आई हल्ली मी येऊन गेले म्हणते, तुलाही जाणवलं असेल.

पलीकडची भांड्यांची खळखळ थांबली.

"काय गं?"

"काही नाही," धाकटी म्हणाली. तिचा आवाज एकदम जपून टाकलेल्या पावलासारखा झाला. "तू येतेस ना ताई. कालही आलीस."

तायडीला वहीत लिहायला सुचलं नाही. ती म्हणाली, थट्टा करू नकोस. धाकटीनं थट्टा केलेली नव्हती. तिनं फोन ठेवला, तोही हळूच, झोपलेल्या माणसाजवळ ठेवावा तसा.

नवऱ्याला सांगितल्यावर त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, दोघी मिळून तुला वेड्यात काढताहेत, किंवा तू थकली आहेस. शुक्रवारी सुट्टी घे, तिथं जा आणि डोळ्यांनी बघ. चाळीस मिनिटांचा रस्ता आहे. त्याचं बरोबर होतं. इतके दिवस ती हे का करत नव्हती, याचं उत्तर तिच्याकडे होतं, पण नवऱ्याला देण्यासारखं नव्हतं. तिथं जावं आणि कोणी नसावं, याची तिला भीती नव्हती.

गुरुवारी थोरलीनं लिहिलं, "धाकटी म्हणतेय, अर्धं घर तुझ्या नावावर करते. मी नको म्हणाले. मला इथं यायला मिळतं, पुष्कळ झालं." जाणकारांनी खाली लिहिलं होतं की ताई, तुम्हाला आता आमची गरज नाही, आनंदात राहा. त्याखाली तायडीचं नावही कोणी घेतलेलं नव्हतं. प्रश्न तिचा होता हे सगळे विसरून गेले होते.

८

शुक्रवारी दुपारी तीन वाजता ती आईच्या इमारतीखाली उतरली. लख्ख ऊन होतं. पर्समध्ये वही होती. जिना तसाच होता, दुसऱ्या मजल्यावरची एक फरशी अजून हलत होती. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर ती दम खायला थांबली आणि तिला आतलं बोलणं ऐकू आलं.

आई काहीतरी सांगत होती. मधेच हसली. इतकं मोकळं हसणं तायडीनं तिच्या तोंडून कधी ऐकलं होतं ते तिला आठवेना. तिच्या हसण्यात दुसरं हसू मिसळलं. ते धाकटीचं नव्हतं. धाकटी हसताना नाकातून आवाज काढते.

बेल वाजवायला उचललेला हात तिनं खाली घेतला. दाराला लागून स्वयंपाकघराची लहान खिडकी होती, जिन्याकडे उघडणारी. ती बोटभर उघडी होती. तायडी वाकली.

स्वयंपाकघर, त्यापलीकडे मधलं दार, त्यापलीकडे खोलीचा एक तुकडा. पलंगाची कड. आईची मांडी. मांडीवर डोकं ठेवून कोणी बाई आडवी झाली होती. आईचा हात तिच्या केसांतून सावकाश फिरत होता, कपाळापासून मागे, पुन्हा कपाळापासून मागे. बाईच्या पायांचे तळवे पलंगाच्या कडेवरून बाहेर आले होते. बोटं ऐसपैस सैल होती.

मग त्या बाईनं कूस बदलली आणि तोंड इकडे केलं.

तायडीनं ते तोंड पाहिलं ते दोन श्वासांपुरतं. रोज सकाळी आरशात बघते तेच. पण कवळ्या घडवणाऱ्या बाईच्या नजरेतून ओठांची ठेवण सुटत नाही. वर्षानुवर्षं दात आवळून धरले की ओठांच्या कडांना दोन दुमड्या पडतात. त्या या तोंडावर नव्हत्या. कधी पडल्याच नव्हत्या. बाकी सगळं होतं, पांढरे केस, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सेहेचाळीस वर्षं. त्या डोळ्यांनी खिडकीकडे बघितलं. तिथं कोणी आहे हे त्यांना कळलं, आणि त्यात राग नव्हता, घाबरणं नव्हतं. वाट चुकून आलेल्या माणसाकडे आपण बघतो तसं ते बघणं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. धाकटी भाजीची पिशवी घेऊन वर येत होती. तायडीला पाहून ती अर्ध्या पायरीवर थबकली. तिची नजर बंद दाराकडे गेली, आतल्या हसण्याकडे, आणि परत तायडीकडे. ती ओरडली नाही. पिशवी तिनं हळूच खाली ठेवली.

"चिमे," तायडी म्हणाली. लहानपणी ती तिला असं म्हणायची. "आत ती कोण आहे?"

"मला नाही माहीत."

"तुला कळत होतं मी नाही ते?"

धाकटी खाली वाकून पिशवीचे बंद सारखे करू लागली. "पहिल्याच दिवशी कळलं," ती म्हणाली. "तिनं आत आल्यावर मला विचारलं, तू जेवलीस का? तू कधी विचारलं नव्हतंस ताई."

तायडीला पर्समधली वही काढून दाखवावीशी वाटली. तारखा दाखवाव्या, रजिस्टरबद्दल सांगावं, साडेचारच्या डॉक्टरांबद्दल सांगावं. तिच्याजवळ सगळा पुरावा होता. तो कोणापुढे मांडायचा हे मात्र तिला सुचेना.

"मी आईची मुलगी आहे," ती म्हणाली. तिचाच आवाज तिला तक्रारीसारखा वाटला.

"हो," धाकटी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती दार आणि तायडी यांच्या मधे येऊन उभी राहिली. "पण ताई, आई गोळीशिवाय झोपायला लागली गं. तू आत आलीस तर ती उठून जाईल. मला माहीतेय ती जाईल, ती भांडणारी नाही. मग तू किती दिवस येशील?"

तायडीनं तोंड उघडलं. रोज, असं म्हणायचं होतं तिला. धाकटीनं पुरेसा वेळ वाट पाहिली. मग तिनं पिशवी उचलली, किल्ली फिरवली आणि अंग चोरून, माणूस आत जाईल इतकंच दार उघडून ती आत गेली.

दार मिटता मिटता आतून आईची हाक आली.

"तायडे, कोण गं आहे दारात?"

तायडीनं ओ द्यायला श्वास घेतला. आतून आधीच ओ आली, तिच्याच आवाजात, पण इतक्या मायेनं की तिला स्वतःला तसं कधी बोलता आलं नव्हतं.

"कोणी नाही गं आई. तू पड."